भेडाघाटच्या कड्यातला समुद्र

नाताळच्या सुट्टीत जबलपूरला जायचं ठरलं आणि आमच्या लेकीचा चेहरा पडला. मामाआजोबांचं घर तिला आवडतं, तिथली खोव्याची काळपट जिलेबी तर फारच. अडचण वेगळीच होती. शाळेनं सहावीच्या मुलांना सुट्टीत करायला एकेक प्रकल्प दिला होता आणि हिच्या चिठ्ठीत निघालं होतं, ‘समुद्रातील प्लवक आणि पृथ्वीचे हवामान’.

“ठाण्यातच राहिलो असतो तर निदान खाडीवर तरी गेले असते. जबलपूरला कुठे आहे समुद्र?”

नकाशा उघडून बघितला तर तिचा मुद्दा बिनतोड होता. जबलपूर म्हणजे जवळजवळ देशाचं पोट. कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मी मामांना फोनवर हे हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “तिला म्हणावं, ये तर खरी. इकडे समुद्र उभा करून ठेवलाय. शंभर फूट उंच.”

मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नोकरीची तीस वर्षं त्यांनी जबलपूरच्या उत्तरेला, कटनीकडच्या एका चुनाभट्टीवर हिशेबनीस म्हणून काढली. घर मात्र जबलपुरातच, राइट टाउनमध्ये. १८१७ साली इंग्रजांनी घेईपर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होतं, आणि तेव्हापासून आणि त्यानंतरही पोटापाण्यासाठी इकडे आलेली मराठी घरं अजून इथं आहेत. त्यांची मराठी ऐकायला गंमत वाटते. मामा ‘पाणी भरून घे’ म्हणण्याऐवजी ‘पाणी भरून घे ना यार’ म्हणतात, तेही नातीला. गेल्या श्रावणात मामी गेली. त्यानंतरची ही आमची पहिलीच फेरी होती, आणि खरं सांगायचं तर प्रकल्पापेक्षा मला त्या रिकाम्या घराचीच जास्त धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन भेडाघाटला निघालो. शहरापासून पंचवीस किलोमीटरच्या आत. आधी धुआँधार धबधबा बघावा. नर्मदा तिथं अरुंद होऊन दगडांत कोसळते आणि पाण्याचे तुषार धुरासारखे वर उठतात, म्हणून हे नाव. नदीच्या या काठावरून त्या काठावर नेणारा रोपवेही आहे. मग खाली पंचवटी घाटावर येऊन होडी करावी. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा होड्या बंद असतात, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च हे दिवस बरे. चौसष्ट योगिनींचं कलचुरींच्या काळातलं गोल मंदिर टेकडीवर आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, मामा खालीच थांबले.

होडी वल्हवणारा गडी मोठा बोलका होता. भेडाघाटचे सगळेच नावाडी यमक जुळवत बोलतात. कुठला सिनेमा कुठे चित्रित झाला, ‘जिस देश में गंगा बहती है’ पासून ‘अशोका’ पर्यंत, सगळं पाठ. “ही बंदरकूदनी! पूर्वी इथं माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारायची,” हे तो सांगेपर्यंत होडी दोन्ही कड्यांच्या मधोमध आली आणि तोही गप्प झाला.

दोन्ही बाजूंना पांढरा दगड सरळ वर गेलेला. कुठे दुधासारखा, कुठे पिवळसर, मध्येच निळ्या-करड्या रेघा. हिवाळ्यातलं पाणी हिरवं आणि संथ. २०२१ मध्ये भेडाघाट आणि शेजारचा लमेटाघाट यांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, ते काही उगाच नाही.

मामांनी हात लांब करून कड्याला लावला. “हा घे तुझा समुद्र.”

लेकीला ती थट्टा वाटली. पण थट्टा नव्हती. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णता सोसून तिचे कण पुन्हा नव्यानं जुळले की तिचा संगमरवर होतो. आणि चुनखडीचे असे जाड थर बहुतेक ठिकाणी समुद्राच्या तळाशीच साचतात. भेडाघाटचे हे खडक जवळपास दोनशे कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा इथं उथळ समुद्र होता. डायनासोर तर फार पुढचे. जबलपूरच्या छावणीजवळ १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना डायनासोरची हाडं सापडली, भारतातली पहिली. पण ती सहा-सात कोटी वर्षांपूर्वीची. या संगमरवराच्या हिशेबात डायनासोर म्हणजे परवाचे पाहुणे.

दोनशे कोटी वर्षांपूर्वी समुद्रात मासे नव्हते, शंख नव्हते, शिंपले नव्हते. होते ते डोळ्यांना न दिसणारे एकपेशी जीव. त्यांतल्या निळ्या-हिरव्या जिवाणूंनी, म्हणजे सायनोबॅक्टेरियांनी, सूर्यप्रकाशावर जगायची युक्ती शोधून काढली होती. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ते ओढून घेत आणि ऑक्सिजन सोडत. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की त्यातला चुना विरघळलेला राहू शकत नाही, तो साका धरून खाली बसतो. उथळ पाण्यात तळाला चिकटून या जिवाणूंचे चिकट गालिचे पसरलेले असत, त्यांच्यावर चुना बसायचा, वर पुन्हा नवा गालिचा. असे कोबीच्या कापासारखे दिसणारे थर बघायचे असतील तर उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात सलखनचं जीवाश्म उद्यान आहे. भेडाघाटला उष्णतेनं सगळं इतकं बदललंय की आपल्यासारख्याला नुसता पांढरा दगड दिसतो.

ते तळाला चिकटलेले जिवाणू काटेकोर अर्थानं प्लवक नव्हेत. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, प्रवाह नेईल तिकडे जाणारे जीव. पण त्यांच्याच गोतातले आजही समुद्रात तरंगत आहेत. त्यांतला प्रोक्लोरोकॉकस नावाचा एक इतका बारीक आहे की १९८० च्या दशकापर्यंत तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. उबदार समुद्राच्या चमचाभर पाण्यात तो लाखोंनी असू शकतो. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जिवांत संख्येनं त्याच्याइतका जगात दुसरा कोणी नाही.

मामांनी घरी आल्यावर तिला एक गणित घातलं. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून कटनीचा एक चुनखडीचा तुकडा वर्षानुवर्षं पडून आहे. तो तिच्या हातात देऊन म्हणाले, “भट्टीत असा शंभर किलो दगड घातला, तर चुना निघतो छप्पन किलो. चोख दगड असेल तर. बाकीचे चव्वेचाळीस किलो कुठे गेले?”

“राख झाली?”

“राख कोळशाची. दगडाची नाही. आम्ही वहीत लिहायचो ‘घट’. तीस वर्षं मी ‘घट’ लिहिली. मालकानं विचारलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. रिटायर झाल्यावर तुझ्या मामानं, म्हणजे माझ्या पोरानं, सांगितलं की बाबा, ती घट म्हणजे कार्बन डायऑक्साइड.”

मग लिंबू कापलं. चुनखडीच्या तुकड्यावर रसाचे चार थेंब टाकल्याबरोबर बारीक बुडबुडे फसफसले. भेडाघाटच्या मूर्तिकारांच्या दुकानातून आणलेल्या संगमरवराच्या चिपेवर मात्र काहीच होईना. त्या दगडात चुन्याबरोबर मॅग्नेशियमही असतं, त्याला डोलोमाइटी संगमरवर म्हणतात, आणि तो थंड आंबटाला सहजी दाद देत नाही. चीप खलबत्त्यात कुटून पूड केली तेव्हा जरासं फसफसलं. लेकीनं कान लावून ऐकलं. जुन्या समुद्रानं दगडात कोंडलेला वायू बशीत बाहेर पडत होता. तिच्या वहीत तिनं लिहिलं, ‘शंभर किलो संगमरवरात सुमारे ४५ किलो कार्बन डायऑक्साइड असतो.’ हे बरोबर आहे. डोलोमाइट असेल तर आकडा थोडा जास्तच. तुमच्या देवघराची चौकट किंवा ओट्याची फरशी संगमरवरी असेल तर तुमच्याही घरात तो आहे.

मला मात्र मामांचा चेहरा बघवेना. ते बशीकडे बघत होते. जगभरात माणसं जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात त्यातला सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा असतो, आणि त्यातला मोठा भाग हीच ‘घट’, भाजताना चुनखडीतून उडून गेलेली. तरी चुन्याची एक चांगली खोड आहे. भिंतीला लावलेला चुना हळूहळू हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड परत पिऊन पुन्हा दगड होतो. जुन्या वाड्यांचे गिलावे म्हणून तर इतके कडक झालेले असतात. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे उधारी थोडी फिटते.” आणि पानाला चुना लावायला घेतला.

एवढं सगळं दगडाचं झालं. पण दगड होणं हा कार्बनचा फार संथ प्रवास आहे, कोट्यवधी वर्षांचा. आपल्या हवामानाशी रोजचा संबंध आहे तो जिवंत प्लवकांचा.

जबलपुरात जंगलांचा अभ्यास करणाऱ्या दोन सरकारी संस्था आहेत, एक केंद्राची आणि एक राज्याची. त्यामुळे इथल्या माणसाला कार्बन म्हटलं की सागवान आणि साल आठवतात. आपल्यालाही झाडंच आठवतात. पण पृथ्वीवर सूर्यप्रकाशाच्या जोरावर दरवर्षी जेवढं अन्न तयार होतं त्यातलं जवळजवळ निम्मं समुद्रातले वनस्पती-प्लवक करतात. आणि गंमत अशी की त्यांचं सगळं वजन एकत्र केलं तरी ते जमिनीवरच्या झाडाझुडपांच्या एक टक्काही भरत नाही. झाड खोडात कार्बन साठवून शे-दीडशे वर्षं उभं राहतं. प्लवक आज जन्मतात, दोन दिवसांत दुप्पट होतात, आठवड्याभरात कुणाच्या तरी पोटात जातात. साठा नाही, नुसती उलाढाल. मामांच्या भाषेत, गल्ल्यात काही नाही पण धंदा जोरात.

या उलाढालीतला बराचसा कार्बन वरच्या पाण्यातच फिरून पुन्हा हवेत येतो. पण काही भाग खाली पडतो. मेलेले प्लवक, त्यांना खाणाऱ्या कोळंबीसारख्या इवल्या जिवांची विष्ठा, चिकटलेला कचरा, हे सगळं भुरभुर बर्फासारखं खोल समुद्रात उतरत राहतं. वरच्या थरातून असा खाली जाणारा कार्बन वर्षाला पाचशे ते बाराशे कोटी टनांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे. त्यातला फार थोडा तळाच्या गाळात कायमचा पुरला जातो, एक टक्क्याच्या आसपास. बाकीचा वाटेत विरघळतो, पण तोही खोल पाण्यात शेकडो वर्षं अडकून राहतो. हे काम थांबलं तर? शास्त्रज्ञांचं गणित सांगतं की हवेतला कार्बन डायऑक्साइड मूळच्या दीडपटीच्या आसपास, कदाचित त्याहूनही वर, जाईल.

इथं एक गैरसमज होतो, तो लेकीच्या वहीतही झाला होता. माणूस दरवर्षी सोडतो त्यातला सुमारे पाव भाग कार्बन डायऑक्साइड समुद्र घेतो, हे खरं. पण तो मुख्यतः पाण्यात नुसता विरघळतो, सोड्याच्या बाटलीत विरघळावा तसा. आपण जास्त धूर सोडला म्हणून प्लवक काही जास्त जेवत नाहीत. त्यांचं काम जुनं, नेमाचं आहे. चिंता ही की आपल्या धांदलीत त्यांचं ते काम बिघडू नये.

संध्याकाळी ग्वारीघाटावर गेलो. मामा रोज जातात. हिवाळ्यात तिथं लांबून आलेले पांढरे कुरव पक्षी असतात. लोक होडीतून त्यांना शेव टाकतात आणि ते कलकलाट करत होडीभोवती फिरतात. आरतीला अजून वेळ होता. मामीच्या अस्थी इथंच सोडल्या होत्या. मामा त्याच पायरीवर बसतात.

लेक काही वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि तिनं विचारलं ते मी कधी विचारू शकले नसते. “मामाआजोबा, मामीआजी आता समुद्रात पोहोचली असेल?”

मी तिचा हात दाबला. मामा शांतपणे म्हणाले, “लांब आहे गं. नऊशे किलोमीटर. वाटेत धरणं आहेत.”

अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा १३१२ किलोमीटर वाहून भरूचपलीकडे खंबातच्या आखातात अरबी समुद्राला मिळते. पुराणात काहीही असो, भूगोलात नदीचं एक काम निश्चित आहे: डोंगर झिजवून समुद्राला नेऊन देणं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते दगडावर पडतं, दगड अगदी हळू विरघळवतं. मंडल्याकडचा आणि खाली खोऱ्यातला काळा दख्खनी दगड ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो. त्यातून निघालेला चुना, सिलिका आणि पावसानं आणलेला तो कार्बन, सगळं नदीत उतरतं. समुद्रात डायटम नावाचे प्लवक त्या सिलिकाची कवचं करतात. काचेचीच म्हणा ना, काचेचा मूळ मालही सिलिकाच. दुसरे काही चुन्याची कवचं करतात. आपल्या काळ्या कातळाचा अंश असा कुणाच्या तरी काचेच्या घराची भिंत होतो.

डायटमचं महत्त्व हे की ते तुलनेनं मोठे आणि जड असतात. मेले की झटकन बुडतात आणि कार्बन खाली नेतात. मासळीची साखळीही त्यांच्यावर चांगली चालते. ते नसले तर काय होतं हे आपल्याच माणसांनी बघितलंय. २००९ च्या सुरुवातीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात एक प्रयोग केला. नाव ‘लोहाफेक्स’, त्यातलं लोहा म्हणजे आपलं लोखंडच. भारताकडून वाजिह नक्वी, जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख. ‘पोलारस्टर्न’ जहाजातून सुमारे तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचं खत टाकलं. प्लवक वाढावेत, कार्बन ओढावा आणि बुडावं, अशी कल्पना. प्लवक वाढले. पण त्या पाण्यात सिलिका फार कमी होती, म्हणून डायटम वाढलेच नाहीत. वाढले ते बारके, कवच नसलेले, आणि त्यांना कोपेपॉड नावाच्या इवल्या जिवांनी खाऊन टाकलं. कार्बन फारसा बुडालाच नाही. समुद्रात लोखंड टाकून तापमानवाढ मिटवू म्हणणाऱ्यांच्या उत्साहावर त्या प्रयोगानं बरंच पाणी ओतलं. मला तर तो प्रयोग फसला याचंच बरं वाटतं. समुद्र म्हणजे काही कुंडी नाही.

आणि धरणं? जबलपूरच्या वर बर्गी, खाली इंदिरा सागर, ओंकारेश्वर, मग सरदार सरोवर. धरणांनी वीज दिली, शेतांना पाणी दिलं, ते नाकारून चालणार नाही. पण थांबलेल्या पाण्यात गाळ बसतो. शिवाय गोड्या पाण्यातही डायटम असतात. ते जलाशयातच सिलिका वापरतात, मरतात आणि तिथंच तळाशी जातात. युरोपात डॅन्यूब नदीवर १९७० च्या दशकात ‘आयर्न गेट’ धरण झालं, त्यानंतर काळ्या समुद्रात येणारी सिलिका घटली आणि तिथं डायटमच्या जागी दुसरेच प्लवक माजले, हे नोंदलेलं आहे.

अरबी समुद्रातही बदल चाललाय, त्याचं कारण मात्र दुसरं. गेल्या दोन-अडीच दशकांत उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटमऐवजी नॉक्टिलुका नावाच्या जिवाचे हिरवे तवंग दिसू लागलेत. कोलंबिया विद्यापीठाचे जोकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याचा संबंध हिमालय-तिबेटच्या बर्फाशी जोडला. तिकडचं बर्फ कमी झालं, म्हणून हिवाळ्यात येणारे वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत. म्हणून समुद्राचं वरचं पाणी नीट थंड होऊन खाली जात नाही आणि तळातलं खत वर येत नाही. डायटम उपाशी राहतात. नॉक्टिलुका मात्र सूर्यप्रकाशावरही जगतो आणि दुसऱ्यांना गिळूनही. कोकणात किंवा मुंबईत कधी रात्री लाटा निळ्या चमकताना बघितल्या असतील, तर ते या नॉक्टिलुकाचंच काम असतं बहुधा. दिसतं सुंदर. पण माशांना तो फारसा रुचत नाही, त्याच्यावर पोसतात जेलीफिश. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटलेत. तिथंही कारण तेच: वरचं पाणी तापून हलकं झालं की खालच्याशी मिसळत नाही. बांगडा आणि तारली ज्यांच्या ताटात असतात त्यांनी हे लक्षात ठेवावं.

यातलं सगळं मी त्या पायरीवर बसून सांगितलं नाही, हे उघड आहे. तिथं लेकच बोलत होती. तिनं धरणांवर थोडा विचार केला आणि म्हणाली, “पण हाडांत फॉस्फेट असतं. पुस्तकात आहे. फॉस्फेट म्हणजे प्लवकांचं खत. म्हणजे समुद्रात नाही गेली तरी मामीआजी कुणाच्या तरी उपयोगी पडली असेल.”

मला वाटलं आता मामांचा बांध फुटणार. पण ते हसले, श्रावणानंतर पहिल्यांदा मोकळे हसले. “तिनं कधी कुणाला उपाशी जाऊ दिलंय? दारातल्या मांजरालाही नाही.”

आरती झाली. द्रोणातले दिवे पाण्यावर लांब गेले. उतरताना माझा पाय घसरला तेव्हा लेक ओरडली, “आई, तिथंच थांब!” पायरीवर पाण्याच्या रेषेजवळ तपकिरी, बुळबुळीत थर होता. घाटावर पाय घसरतो तो त्याच्यामुळे. तिनं बोटानं त्यातलं थोडं खरवडून औषधाच्या रिकाम्या बाटलीत घेतलं. मामा म्हणाले, “बघून झालं की माईचं माईला परत दे.”

शाळेनं प्रकल्पासाठी मुलांना फोल्डस्कोप दिला होता. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी बनवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक घडी घालून वहीत बसतो. रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली तिनं काचपट्टी तयार केली. आधी नुसता गढूळ उजेड. मग पट्टी सरकवता सरकवता ती गप्प झाली. दोन्ही टोकांना निमुळते, सोनेरी-तपकिरी, पारदर्शक काहीतरी, एक नव्हे, दहा-बारा. त्यांतलं एक चक्क सरकत होतं. नॅव्हिक्युला जातीच्या डायटमसारखे दिसत होते. त्या लॅटिन नावाचा अर्थच छोटी होडी.

मामांनी चष्मा काढून एक डोळा लावला. बराच वेळ हलले नाहीत.

“अरे यार,” ते म्हणाले, “ही तर आपल्या घाटावरची नाव.” मग जरा थांबून, डोळा न काढताच, “वल्हवणारा कुठे दिसत नाही.”

सकाळी निघायच्या आधी ती दोघं रिक्षानं ग्वारीघाटावर जाऊन बाटली रिकामी करून आली.